आयपॉड व्हिडिओमध्ये गेम बॉय: गाणी आणि जुने खेळ एकाच यंत्रात बसवताना

निन्टेंडोच्या १९८९च्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राचा पडदा १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा. ऑक्टोबर २००५मध्ये आलेल्या पाचव्या पिढीच्या आयपॉडचा, म्हणजे ज्याला सगळे 'आयपॉड व्हिडिओ' म्हणतात त्याचा, ३२० गुणिले २४०. रुंदी बरोबर दुप्पट, उंची मात्र दुपटीला ४८ ओळी कमी पडते. आत पोर्टलप्लेअरची दोन एआरएम गाभ्यांची, ८० मेगाहर्ट्झपर्यंत चालणारी चिप आणि आवाजासाठी वुल्फसनची चिप. गेम बॉयची नक्कल करायला एवढं पुरतं, आणि गाणी ऐकायला हे यंत्र आजही उत्तमच आहे. फिरती हार्ड डिस्क काढून मेमरी कार्ड बसवायचं आणि मूळ फर्मवेअरच्या (यंत्र चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) शेजारी रॉकबॉक्स हे मुक्त फर्मवेअर टाकायचं, एवढंच काम. सवयीच्या हातांना दोन तास लागतात. पहिल्यांदा करत असाल तर अख्खी दुपार मोकळी ठेवा.

एक गोष्ट आधीच कळलेली बरी. खेळ आणि गाणी एका यंत्रात राहतात, पण मेमरी दोघांत एकच आहे. कुठला खेळ गाणी चालू असताना खेळता येईल आणि कुठला गाणी थांबवेल, हे त्या मेमरीवर ठरतं. म्हणून यंत्र निवडतानाच मेमरीकडे बघायचं.

कोणता आयपॉड घ्यायचा

पाठीवर बारीक अक्षरात ए११३६ हा मॉडेल क्रमांक असतो. २००६च्या सप्टेंबरमध्ये याचीच सुधारित आवृत्ती आली, तिला साडेपाचवी पिढी म्हणतात. संगीताच्या मेनूत 'सर्च' दिसलं तर ती साडेपाचवी. आपल्या कामाला दोन्ही चालतात. खरा फरक क्षमतेत आहे: ३० जीबीच्या यंत्रात ३२ एमबी रॅम आहे, ६० आणि ८० जीबीच्या यंत्रात ६४ एमबी. हार्ड डिस्क तर आपण काढूनच टाकणार, तेव्हा तिच्या आकड्याला अर्थ नाही. रॅम मात्र बोर्डावर डाखलेली असते, ती बदलता येत नाही. मिळत असेल तर ६४ एमबीवालाच घ्या. तो थोडा जाड असतो, पण त्या जाडीत मोठी बॅटरी बसते. नुसती गाणी आणि गेम बॉय एवढंच हवं असेल तर ३२ एमबीतही भागतं.

वापरलेलं यंत्र घेताना डिस्क बिघडलेली असली, 'टक टक' वाजत असली, पडद्यावर उद्गारचिन्हाचा फोल्डर येत असला, तरी बिनधास्त घ्या. ती डिस्क तशीही टाकायचीच आहे. बघायचं ते वेगळंच: चाकाची पाचही बटणं, चाकावर बोट पूर्ण गोल फिरवल्यावर यादी न अडखळता सरकते का, हेडफोनची पिन हलवल्यावर एका कानाचा आवाज जातो का, आणि वरचा होल्डचा खटका. होल्डचा खटका आणि हेडफोनचं जॅक एकाच जोडणीवर असतात, एक गेलं की दोन्ही बदलावी लागतात. आणि खेळताना होल्डची गरज पदोपदी लागते, हे पुढे येईलच.

डिस्क मेलेली असेल तर ही तपासणी निदान-मोडमध्ये, म्हणजे यंत्रातच असलेल्या तपासणीच्या मेनूत, करा. मेनू आणि मधलं बटण एकत्र सुमारे सहा सेकंद दाबून यंत्र रीसेट करायचं, सफरचंद दिसताच मधलं बटण आणि मागचं गाणं लावायचं बटण दाबून धरायचं.

सामान

झिफ जोडणीचा (पातळ रिबन केबल खटक्याने धरणारी जोडणी) एक फ्लॅश अडॅप्टर, म्हणजे डिस्कच्या जागी मेमरी कार्ड बसवणारा छोटा बोर्ड (आयफ्लॅश सोलो हा एका एसडी कार्डाचा अडॅप्टर सगळ्यांत सरळ), एक एसडी कार्ड, प्लास्टिकचे दोन पातळ पिक, एक पातळ धातूची पट्टी, टोकदार चिमटा, कॅप्टॉन टेप (वीज रोखणारी पातळ चिकटपट्टी) आणि २ ते ३ मिलिमीटर जाडीचा मऊ फोम. बॅटरी जुनी असेल तर नवी बॅटरीही. चार कार्डांचा अडॅप्टर मिळतो, पण त्याच्या मागे लागू नका. जितकी कार्डं जास्त तितकी बिघाडाची ठिकाणं जास्त. १२८ जीबीच्या एका कार्डात ३०० एमबीचा एक धरला तर फ्लॅकचे, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फाइलींचे, चारशेच्या आसपास अल्बम मावतात. खेळ जागा खातच नाहीत. गेम बॉयचा खेळ ३२ केबीपासून सुरू होतो आणि बहुतेक सगळे १ एमबीच्या आत संपतात.

कार्ड आयपॉडमध्ये घालण्याआधी संगणकावर तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफ३ हे प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरतात आणि परत वाचून पाहतात. बनावट कार्ड स्वतःची क्षमता खोटी सांगतं. तपासणी न करता ते बसवलं तर पहिली काही जीबी गाणी व्यवस्थित वाजतात, नंतरच्या फाइली कचरा होतात, आणि दोष अडॅप्टरला दिला जातो.

पाठ उघडणं

इथेच सगळ्यात जास्त आयपॉड मरतात, म्हणून सावकाश.

बॅटरी उतरू द्या. होल्डचा खटका लॉकवर सरकवा. धातूची पाठ आणि प्लास्टिकचं तोंड यांच्या फटीत, लांब बाजूच्या मध्यावर, धातूची पातळ पट्टी सरळ खाली घाला. तिरकी घातली तर पाठीच्या कडेला कायमचा पोचा पडतो. थोडी फट झाली की लगेच प्लास्टिकचा पिक आत सारा आणि धातूची पट्टी बाजूला ठेवा. पिक कडेने सरकवत न्या. आतले क्लिप एकेक करून 'कट' असा बारीक आवाज करत सुटतात. एक बाजू सुटली की दुसरी सहज सुटते.

पाठ सुटली तरी ओढू नका. पाठीला चिकटलेल्या बॅटरीपासून एक आणि हेडफोन जॅकपासून एक अशा दोन रिबन केबल बोर्डाकडे जातात. दोन्ही आखूड आहेत. दोन बोटं मावतील एवढीच फट करा आणि आधी बॅटरीची केबल सोडवा. तिच्या कनेक्टरवर तपकिरी रंगाचा खटका असतो. तो वर उचलायचा असतो, बाहेर ओढायचा नसतो, आणि उचलायचा म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढाच. नखाने किंवा प्लास्टिकच्या टोकाने दोन्ही कोपऱ्यांना आळीपाळीने थोडं थोडं उचला. एकाच कोपऱ्यावर जोर दिला की खटका तुटून उडतो आणि मग केबल कधीच नीट धरत नाही. खटका वर आला की रिबन जोर न लावता बाहेर येते. येत नसेल तर खटका अजून बंद आहे.

बॅटरी सुटली की पाठ पुस्तकासारखी बाजूला उघडून ठेवता येते. हेडफोनची केबल तशीच राहू द्या, पाठीखाली एखादी वही देऊन तिच्यावरचा ताण काढा. बॅटरी बदलायची असेल तर ती पाठीपासून प्लास्टिकच्या कार्डानेच सोडवा. लिथियमच्या पिशवीला धातूचं टोक लागू देऊ नका. फुगलेली बॅटरी दाबायची, वाकवायची तर मुळीच नाही.

कार्ड बसवणं

डिस्कच्या कडेला निळे रबरी बंपर असतात, ते जपून ठेवा. डिस्क वर उचलून तिच्या केबलचा फोटो काढा: कुठली बाजू वर आहे, किती आत गेलेली आहे. मग कनेक्टरवरचा काळा खटका वर करून केबल सोडवा आणि अगदी तशीच अडॅप्टरमध्ये घाला. केबलची कड कनेक्टरला समांतर हवी. एका कोपऱ्यात अर्धा मिलिमीटर जरी तिरकी राहिली तरी ४० तारांपैकी काही जुळत नाहीत. आयपॉड मग चालू होतो, संगणकाला दिसतोसुद्धा, पण रिस्टोअर, म्हणजे संगणकावरून मूळ फर्मवेअर नव्याने टाकणं, अर्ध्यात मरतं. रिस्टोअर अडलं की दहापैकी नऊ वेळा दोष या केबलचा असतो, म्हणून आधी तीच परत बसवून बघा.

अडॅप्टरच्या मागच्या बाजूला कॅप्टॉन टेप लावा, कारण पाठ धातूची आहे आणि उघडे टाके तिला टेकले तर शॉर्ट होतं. डिस्कच्या मानाने अडॅप्टर फार पातळ असतो. उरलेल्या पोकळीत फोम द्या, नाहीतर चालताना आत खडखडतो आणि केबल हळूहळू सैल होते. फोम दाबून कोंबू नका. त्याचा दाब सरळ पडद्याच्या मागे जातो.

बॅटरीची केबल जोडा, पण पाठ अजून बंद करू नका. पुढचं सगळं पाठ उघडी ठेवून करायचं आणि पहिलं गाणं वाजल्यावरच क्लिप दाबायचे.

रिस्टोअर, आणि तेही विंडोजवरच

नवं कार्ड रिकामं असल्यामुळे पडद्यावर फोल्डर आणि उद्गारचिन्ह येईल. ते अपेक्षितच आहे. यंत्र संगणकाला जोडून आयट्यून्समधून रिस्टोअर करा. ओळखलंच नाही तर डिस्क-मोडमध्ये न्या: मेनू आणि मधलं बटण दाबून रीसेट, सफरचंद दिसताच मधलं आणि प्ले बटण एकत्र दाबून धरायचं.

विंडोजवर रिस्टोअर केल्यास कार्ड एफएटी३२ पद्धतीने बनतं, मॅकवर केल्यास एचएफएस प्लसने. रॉकबॉक्सला फक्त एफएटी३२ कळतं. मॅकवर रिस्टोअर करून मग 'रॉकबॉक्सला यंत्र दिसत नाही' म्हणून तासन्‌तास घालवू नका. आणि कार्ड स्वतः हाताने फॉरमॅट करून काम होत नाही, कारण गाण्यांच्या भागाच्या आधी फर्मवेअरचा एक छुपा भाग लागतो, तो रिस्टोअरच बनवतं.

रिस्टोअर झाल्यावर मूळ फर्मवेअरवरच एखादं गाणं टाकून दहा मिनिटं वाजवा. इथे अडखळलं तर दोष जोडणीत किंवा कार्डात आहे. रॉकबॉक्स टाकल्यावर तेच शोधायला दुप्पट वेळ लागतो.

रॉकबॉक्स टाकणं

रॉकबॉक्स युटिलिटी हा प्रोग्राम उतरवून घ्या आणि विंडोजवर तो 'अॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून चालवा. त्याशिवाय छुप्या भागात लिहिता येत नाही आणि बूटलोडर, म्हणजे यंत्र चालू होताना रॉकबॉक्स उघडणारा छोटा प्रोग्राम, बसत नाही. यंत्र म्हणून 'आयपॉड व्हिडिओ' निवडा. बूटलोडर, रॉकबॉक्स, फाँट आणि खेळांच्या फाइली या चारही खुणा करा. खेळांच्या फाइली राहून गेल्या तर डूम हा जुना गोळीबाराचा खेळ चालत नाही.

इथे दोन वेगळ्या गोष्टी बसतात हे लक्षात ठेवा. बूटलोडर छुप्या भागात जातो. बाकी सगळं कार्डावरच्या 'डॉट रॉकबॉक्स' नावाच्या फोल्डरात जातं. चालू करताना रॉकबॉक्सचं चिन्ह दिसलं आणि खाली 'फाइल नॉट फाउंड' आलं, तर बूटलोडर ठीक आहे, फोल्डर नाही किंवा अर्धवट आहे. तेवढाच परत टाका. मूळ फर्मवेअर पुसलं जात नाही. चालू करताच होल्डचा खटका लॉकवर सरकवला की तेच उघडतं.

गाणी आता फोल्डर करून सरळ ओढून टाकायची. आयट्यून्सने टाकलेली गाणी छुप्या फोल्डरात चार अक्षरी नावांनी पडतात. रॉकबॉक्स ती वाजवतो, पण फोल्डर उघडून बघितलं तर काही कळत नाही. उलट तुम्ही ओढून टाकलेली गाणी मूळ फर्मवेअरला दिसत नाहीत. एकच पद्धत धरा. गाणी टाकून झाली की सेटिंगमध्ये जाऊन डेटाबेस 'इनिशियलाइझ' करा. अल्बमचं चित्र दिसत नसेल तर ते बहुधा प्रोग्रेसिव्ह जेपेग असतं. साधं जेपेग करून परत टाका, दिसेल. काढताना 'इजेक्ट' केल्याशिवाय केबल ओढू नका. एफएटी३२ एवढं एक सहन करत नाही.

गेम बॉयचे खेळ

रॉकबॉक्समध्ये रॉकबॉय नावाचा नक्कलकार आधीपासून असतो. तो ग्नूबॉय या मुक्त प्रोग्रामवरून बनलेला आहे आणि गेम बॉय व गेम बॉय कलर हे दोनच चालवतो. गेम बॉय अॅडव्हान्सचे खेळ यात चालत नाहीत. खेळांच्या फाइली स्वतःकडच्या काडतुसांवरून कार्ट्रिज रीडरने उतरवून घ्या किंवा हौशी लेखकांनी मुक्तपणे दिलेले खेळ घ्या. तशा चांगल्या खेळांची कमतरता नाही.

कार्डावर खेळांचा एक वेगळा फोल्डर करा आणि त्यात इंग्रजी अक्षरांत 'डेटाबेस डॉट इग्नोअर' नावाची एक रिकामी फाइल ठेवा. मग गाण्यांचा डेटाबेस त्या फोल्डरात शिरत नाही. फोल्डरवर मधलं बटण दाबून धरलं की मेनू येतो, त्यातून तो शॉर्टकटमध्ये घाला. खेळाची फाइल निवडली की रॉकबॉय आपोआप उघडतो.

नियंत्रण समजायला पहिले दहा मिनिटं जातात. चाकावर बोट नुसतं टेकलं की दिशा, आणि तिथेच दाबलं की बटण. वरच्या कडेला अंगठा टेकला तर पात्र वर जातं. तोच अंगठा तिथे दाबला तर मेनूचं बटण लागतं, पण दाबायच्या आधी अंगठा टेकलेलाच असतो, म्हणजे क्षणभर 'वर'ही लागून जातं. उडी मारताना पात्र भलतीकडे सरकतं ते याचमुळे, यंत्र बिघडलेलं नसतं. त्यामुळे धावायचे-उड्यांचे खेळ इथे कष्टाचे होतात. कोडी, पाळीपाळीने चालायच्या लढाया, संवादांचे साहसखेळ फार सुरेख जमतात. बोटं कोरडी हवीत, घामाने चाक दिशा चुकवतं. बटणं बदलायची सोय मेनूत आहे, पण तिच्या नावापुढे करणाऱ्यांनीच 'बगी' असं लिहून ठेवलंय, आणि ते खरं आहे.

होल्डचा खटका सरकवला की रॉकबॉयचा मेनू उघडतो. त्यातली पडद्याच्या आकाराची निवड महत्त्वाची. पूर्ण पडदा भरला तर चित्र आडवं ताणलं जातं आणि दर फ्रेमला १,५३,६०० बाइट पडद्याकडे पाठवावे लागतात. मूळ आकारात ठेवलं तर ४६,०८०, म्हणजे तीस टक्केच. प्रमाण राखून मोठं केलं तर चित्र सुमारे २६६ गुणिले २४० होतं. दिसायला हे सगळ्यांत चांगलं, पण १.६७ पट हा पूर्णांक नसल्याने काही ठिपके जाड आणि काही बारीक येतात, बारीक अक्षरांत ते डोळ्यांना खुपतं. काळ्यापांढऱ्या खेळांना प्रमाण राखून मोठं करा. कलर खेळ अडखळू लागला तर मूळ आकारात या. आकडे दाखवण्याची सोय चालू केली की वेग दिसतो. गेम बॉय सेकंदाला ६०च्या जवळ फ्रेम काढतो. तरी वेग पुरत नसेल तर फ्रेमस्किप (मधल्या काही फ्रेम गाळणं) वाढवा, आणि शेवटचा उपाय म्हणून आवाज बंद करा.

खेळातली प्रगती नेहमी मेनूतून 'क्विट' करूनच जपा. काडतुसातली बॅटरीवर टिकणारी स्मृती बाहेर पडताना कार्डावर लिहिली जाते. मध्येच रीसेट केलं की त्या बैठकीतलं सगळं जातं, खेळाच्या आत 'सेव्ह' केलेलं असलं तरी.

डूमसाठी 'डॉट रॉकबॉक्स' फोल्डरातल्या डूम फोल्डरात रॉकडूम ही वॅड फाइल (डूमच्या पातळ्या, चित्रं, आवाज ठेवणारी फाइल) आणि खेळाची स्वतःची वॅड फाइल दोन्ही लागतात. मोफत वाटलेली शेअरवेअर आवृत्ती किंवा फ्रीडूम पुरते. पॅक-मॅन चालवणाऱ्या पॅकबॉक्सलाही मूळ रॉम, म्हणजे खेळाच्या मूळ फाइली, स्वतः द्यावे लागतात.

गाणी चालू ठेवून काय खेळता येतं

रॉकबॉक्स गाणं कार्डावरून थेंबथेंब वाचत नाही. मोठा तुकडा उचलून मेमरीत ठेवतो आणि तिथून वाजवतो. मेमरीचा बहुतांश भाग याच साठ्याने व्यापलेला असतो. छोट्या खेळांना स्वतःची वेगळी थोडी जागा राखलेली आहे. रॉकबॉय आणि डूम तिच्यात मावत नाहीत, म्हणून ते गाण्यांचा साठाच ताब्यात घेतात आणि गाणं थांबतं. हा बिघाड नाही, कुठल्याही सेटिंगने तो टळत नाही.

ज्वेल्स, सुडोकू, सॉलिटेअर, माइनस्वीपर, सोकोबान, रॉकब्लॉक्स हे रॉकबॉक्ससोबतच येणारे खेळ मात्र गाणं चालू असताना निवांत चालतात. खरं तर गाणी ऐकत खेळायला याच गोष्टी शोभतात, आणि चाकावर त्या गेम बॉयच्या खेळांपेक्षा हाताला सोप्या लागतात. रॉकबॉयमधून बाहेर आल्यावर मुख्य मेनूतलं 'रिझ्यूम प्लेबॅक' निवडलं की गाणं सोडलं तिथून पुढे चालू होतं.

खेळांचं संगीत, गाणी म्हणून

या यंत्राचं सगळ्यांत कमी वापरलं जाणारं आणि सगळ्यांत सुंदर अंग हे. रॉकबॉक्स एमपी३, फ्लॅक यांच्याबरोबर जीबीएस, एनएसएफ, एसपीसी, सिड, व्हीजीएम या जुन्या खेळयंत्रांच्या आणि संगणकांच्या संगीताच्या फाइलीही वाजवतो. जीबीएस म्हणजे गेम बॉयच्या संगीताची फाइल, तिच्यात ध्वनिमुद्रण नसतं. खेळातला संगीत वाजवणारा प्रोग्रामच त्यात असतो आणि गेम बॉयच्या चार वाहिन्या, दोन चौकोनी लहरींच्या, एक मनासारखा आकार देता येणारी आणि एक खरखरीची, तुमच्या कानाशी त्या क्षणी तयार होतात. एका खेळाचं सगळं संगीत काही केबीत मावतं. एसपीसी म्हणजे सुपर निन्टेंडोच्या ध्वनिचिपच्या ६४ केबी मेमरीची जशीच्या तशी प्रत. दर सुरावटीला एक फाइल.

अडचण एकच. जीबीएस आणि एनएसएफमध्ये सुरावटीची लांबी लिहिलेलीच नसते, कारण खेळात ती खेळाडू पुढे जाईपर्यंत फिरत राहते. त्या प्लेलिस्टमध्ये मिसळू नका, वेगळ्या फोल्डरात ठेवून एकेक ऐका. एसपीसीमध्ये लांबीची नोंद असू शकते, त्यामुळे त्या इतर गाण्यांत मिसळता येतात. एसपीसी वाजवायला चिपला एमपी३पेक्षा जास्त राबावं लागतं, बॅटरीही त्या मानाने जाते.

बॅटरी

पडदा बंद ठेवून गाणी ऐकणं स्वस्त पडतं. खेळताना पडद्याचा दिवा सतत पेटलेला आणि चिप पूर्ण वेगात, तेव्हा बॅटरी भराभर उतरते. उजेड निम्म्यावर आणला तर घरात काही फरक जाणवत नाही आणि खेळ बराच लांबतो. नवी बॅटरी टाकल्यावर टक्केवारी सुरुवातीला भलतीच दिसते, कारण रॉकबॉक्स व्होल्टेजवरून अंदाज काढतो आणि तो तक्ता मूळ बॅटरीचा आहे. सेटिंगमध्ये बॅटरीची क्षमता बदलली तर उरलेल्या वेळाचा अंदाज सुधारतो. आकडा मात्र बॅटरीच्या वेष्टनावरचा जसाच्या तसा घेऊ नका. मोठे आकडे बऱ्याचदा फुगवलेले असतात. एकदा पूर्ण भरून ती उतरेपर्यंत गाणी वाजवा, लागलेले तास मोजा, आणि अंदाज त्याच्याशी जुळेपर्यंत आकडा कमी-जास्त करा.